आजीची खाट आणि पाच स्पीकर

सध्या आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बाबांचा दोन स्पीकरांचा आणि काकांचा पाच स्पीकरांचा. पैसे एकाच यंत्रापुरते, तेही आजीने पेन्शनमधून साठवलेले. तिचे मत विचारणे मात्र कुणाला सुचले नव्हते.

बाबांचा पक्ष जुना. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५८ पासून तशा तबकड्या बाजारात आल्या. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला, की मधल्या रिकाम्या भिंतीपाशी गवई बसलेला वाटतो; एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी. बैठकीतही आपण गवयाच्या समोरच बसतो की!

काकांची भिस्त 'कट्यार काळजात घुसली'वर. २०१५ सालचा तो चित्रपट चित्रपटगृहात चहूबाजूंनी ऐकला तेव्हा मीही भारावलो होतो. परंतु १९६७ च्या मूळ नाटकात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे हे आपल्या नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले, आणि ते १९८३ साली गेले. त्यांची घरोघरी ऐकली जाणारी ध्वनिमुद्रणे एका नाहीतर दोन वाटांची. पाच स्पीकरांचे यंत्र त्यातूनच उरलेला आवाज उकलून काढते. सीताबर्डीच्या एका दुकानात काकांनी ते ऐकवले, तर तानपुरा माझ्या डोक्यामागे! तानपुरा पाठीशी असावा तो गवयाच्या; श्रोत्याच्या पाठीशी तो कशाला? मैफलच तशी ध्वनिमुद्रित केली असेल आणि मागून नुसती 'वाहवा' येत असेल, तर माझी तक्रार नाही.

एका रविवारी दोन्ही यंत्रे मागून आणली. आजी गुडघ्यांमुळे खिडकीजवळच्या खाटेवरून हलत नाही. बाबांनी मधल्या खुर्चीत बसून डोळे मिटले, तोच आजी म्हणाली, "बुवा तर या एकाच डब्यातून गाऊन राहिले ना रे!"

ती म्हणाली ते खरेच होते. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. दोन स्पीकरांतून एकच आवाज आला, तर ज्याचा आधी पोचेल तिकडूनच सगळा आला असे कान ठरवतो. हेल्मुट हास याने १९४९ च्या सुमारास हे नीट तपासले होते. म्हणजे त्रिकोणाचे टोक एकाच माणसाचे, आणि आमच्या घरी ते नेहमी बाबांचे.

मग काकांचे यंत्र लावले. त्यातला मधला स्पीकर गळा मधेच धरून ठेवतो. "आता समोर बसले," आजी म्हणाली. बाबा काही बोलले नाहीत. मी मागचे दोन स्पीकर बंद केले. तानपुराही जागेवर आला आणि आजीचे बुवाही हलले नाहीत. पुढे वाचनात आले की १९३३ साली फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनला ऐकवला, तेव्हा बेल प्रयोगशाळेने तीनच वाटा वापरल्या होत्या. घरोघरी दोन आल्या, कारण तबकडीच्या खाचेला भिंती दोनच!

काका अजून धुसफुसतात. पण पैसे आजीचे आहेत, आणि यादीत आता तीन स्पीकर आहेत. चौथा आवाज मे महिन्यात कूलरचा येईलच.