अढीचा वास

सिंगल माल्टच्या बाटलीवर ‘व्हिंटेज’ म्हणून जे साल छापतात ते दारू गाळल्याचं. वय मात्र पिपात काढलेल्या वर्षांचंच धरतात. 1997 साली गाळून 2012 साली बाटलीत भरलेली बालब्लेअर कपाटात आणखी कितीही वर्षं राहिली तरी पंधराचीच. ओकच्या पिपात ती लाकडाकडून काही घेत असते, स्कॉटलंडच्या हवेत वर्षाला साधारण दोन टक्के उडूनही जाते. काचेत शिरली की वाढ थांबली.

अशी एक बाटली चंदीगडच्या सेक्टर 39 मध्ये आमच्या खालच्या मजल्यावर उघडली गेली. अंकलजींच्या मुलानं आणलेली. अंकलजींची हयात खन्नाच्या मंडीत अडतीच्या धंद्यात गेली. मूठभर गहू नाकाशी नेऊन त्यातली ओल सांगणारा माणूस. 2021 मध्ये कोविड झाला आणि त्यांचा वास गेला तो गेलाच. आता जिभेला गोड-कडू कळतं, घशाला जाळ कळतो. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते बहुतेक नाकाचंच काम.

“पुत्तर, तू तर्जुमा करतेस ना? मग सांग, आत काय आहे.”

अशा वेळी इंग्रजीत हिरवं सफरचंद, जर्दाळू, व्हॅनिला हे शब्द ठरलेले. ते खोटे नसतात. आंबवताना यीस्ट जी एस्टर तयार करतं त्यांतली काही फळांतही असतात (आमच्याच सेक्टरातल्या इमटेक संस्थेत यीस्टचे वाण जतन केलेले आहेत, ते काही माल्टसाठी नव्हे), आणि व्हॅनिलिन ओकच्या लाकडातून उतरतं. पण मला आधी आली ती अढी. कोकणात भाताच्या पेंढ्यात आंबे लावलेली खोली. पिकायला दोन दिवस असताना तिथं जो गोडसर, उबदार, जरा धुळकट वास कोंडलेला असतो, तो. पाण्याचे चार थेंब घातल्यावर आंबा मागे सरला आणि पेंढा पुढे आला.

मी हिंदीत सांगितलं : धानाच्या परालीत ठेवलेले आंबे.

“पराली?” अंकलजींच्या कपाळावर आठ्या. “म्हणजे धुराची आहे?”

पंजाबात पराली म्हणजे दिवाळीच्या आगेमागे जळणारी शेतं, चुरचुरणारे डोळे. कोशाच्या हिशेबानं शब्द चोख होता, पण त्यांच्यापुढे भलतीच बाटली उभी राहिली. धुराचा वास असतो तो पीटच्या धगीवर वाळवलेल्या बार्लीच्या व्हिस्कीला, आयला बेटावरच्या अनेक व्हिस्क्यांना असतो तसा. हिच्यात त्याचा लवलेश नाही.

मग पराली काढून मी तूडी घातली, गव्हाचं काड. तूडीत आंबे पिकवत नाहीत, म्हणजे आंबा हातचा गेला. माझ्या धंद्यात असे सौदे रोजचेच, तरी हा जरा लागला.

अंकलजींनी घोट तोंडात घोळवला. “नवी तूडी की पावसाळा काढलेली?”

मी पुन्हा ग्लासात नाक घातलं. “नवी. बैसाखीनंतरची. खडखडीत वाळलेली.”

“मग माल चांगला आहे,” ते म्हणाले आणि ग्लास पुढे केला.