धाकटी जाऊ

वसमतकडच्या रस्त्यांवर दिवाळी सरली की दोन जावा दिसायला लागतात. थोरली टायरगाडी, धाकटी ट्रॉली. घर एकच, ऊसतोडीचं. थोरली आता थकलीय, तरी अजून दारात आहे. कारभार मात्र बहुतेक धाकटीच्या हाती गेलाय, आणि मला सांगायचंय तेही धाकटीबद्दलच. पण तिचा स्वभाव सांगायचा तर आधी थोरलीचं नाव घ्यावं लागतं. आपल्याकडं कुठल्याही नव्या सुनेचं वर्णन असंच होतं.

पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणं झाली, कालव्याचं पाणी वसमतच्या काळ्या रानात आलं आणि ज्वारी-कापसाशेजारी ऊस उभा राहिला. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना, कुरुंद्याला टोकाई. बॉयलर पेटला की तोडायला माणसं लागतात. ती सेनगाव-औंढ्याच्या तांड्यांवरून येतात, जिंतूरच्या माळावरून येतात, बीडकडूनही येतात. आणि गंमत अशी की हिंगोली जिल्ह्यातली कितीतरी माणसं इथल्या फडाकडं न बघता थेट सांगली-कोल्हापूरला, नाहीतर कर्नाटकात जातात. उचल जिथली, तोड तिथली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच पैसे घेतलेले असतात, ते फेडायला पुढचे पाच-सहा महिने विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. तांड्यावरच्या बंजारा कुटुंबांना फिरण्याचं नवल नाही. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. तो धंदा रेल्वेनं खाल्ला. फिरणं राहिलं.

थोरली टायरगाडी दिसायला साधी. लोखंडी आस, मोटारीची जुनी टायरं, लांब दांडी, पुढं जू. पुष्कळदा ती गाडीवानाची नसतेच, कारखान्याची असते आणि भाडं बिलातून कापलं जातं. बैल मात्र स्वतःचे. दोन-अडीच टन ऊस भरायचा, संध्याकाळी कारखान्याची वाट धरायची, काट्याच्या रांगेत नंबर लावायचा आणि गाडीखाली घोंगडी टाकून पडायचं. वर ऊस, खाली माणूस, पुढं उसाच्या शेंड्याचं वाढं चघळणारे बैल. रांग हलली की बैलांच्या घुंगरांनी जाग यायची. गाडीखालची ती दीड-दोन हात उंचीची जागा हक्काची होती. तिथं कंदील टांगलेला, पाण्याचा कॅन लटकवलेला, भाकरीचं फडकं दांडीला बांधलेलं.

सेनगावाकडून गाडी जुंपून निघालेलं कुटुंब वसमतला पोचायला वाटेत दोन-तीन मुक्काम करायचं. औंढ्याला नागनाथाच्या कळसाला लांबूनच हात जोडायचे, बैल सोडायचे, तीन दगडांवर भात शिजवायचा. कुठं थांबायचं हे बैलांची मान सांगायची. पोरं गाडीतून उतरून चालायची, दमली की धावत येऊन मागून चढायची. चालत्या गाडीतून उतरता-चढता येणं ही केवढी मोठी सोय होती, ते ती गेल्यावर कळलं.

थोरलीचे गोडवे फार गाऊ नयेत. ती जनावरांच्या जिवावर चालायची. उतारावर ब्रेक नाही, सगळा भार बैलांच्या मानेवर. चढाला बैल गुडघ्यांवर आलेला ज्यानं पाहिलाय, त्याला घुंगरांची कविता सुचणार नाही. २०२२ मध्ये इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली टेकू देणारं एक जादा चाक बसवून दाखवलं, त्याला 'सारथी' नाव दिलं. फोटो देशभर फिरला. त्याच वर्षी लम्पीची साथ आली, जनावरांच्या वाहतुकीवर बंधनं आली आणि बैलजोडीच्या भरवशावर उचल घेणाऱ्यांचे हात-पाय गळाले. बैलांच्या किमती आधीच वर गेल्या होत्या. ज्यांची जोडी मोडली, त्यांतले पुष्कळजण ट्रॅक्टरच्या टोळीत गेले.

तर ही धाकटी. हिचा जन्म वर्कशॉपात, वेल्डिंगच्या ठिणग्यांत. जाड पत्र्याचा तळ, बाजूंना लोखंडी खुंट, मागं फाळका आणि ट्रॅक्टरला अडकायला एक पिन. एकटी क्वचितच फिरते, एका ट्रॅक्टरमागं दोघी जोडलेल्या. ऊस भरण्याआधी तळाला वायररोप अंथरतात, म्हणजे कारखान्यात क्रेनला अख्खी मोळीच उचलून गव्हाणीत टाकता येते. बायामाणसं डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून वर चढतात. दोन्ही ट्रॉल्या शिगोशीग भरल्या की वीसेक टनांचा डोंगर हलतो. मागच्या फाळक्यावर 'आई-वडिलांची पुण्याई'. गोंडे, रंगीत दिवे, आणि गाण्याचा आवाज एवढा की रस्त्याकडंच्या घरांचे पत्रे थरथरावेत. नटण्याची हौस दांडगी. कामाला वाघ. पण कुणाचं ऐकून घेणारी नाही.

वर्षातून दोनदा मात्र ती ऊस सोडून घर वाहते. कोपीचे, म्हणजे फडाजवळ उभारायच्या झोपडीचे, बांबू आणि ताडपत्री सगळ्यांत खाली. त्यावर बाजरी-ज्वारीची पोती, कारण परमुलखात दळण विकत घेणं परवडत नाही. मग पत्र्याच्या पेट्या. हंडे-पातेली एकात एक घालून साडीनं बांधलेली. निळा प्लास्टिकचा ड्रम, त्याच्या तोंडाला फडकं. कोंबड्या डालग्यात. शेळी मागच्या फाळक्याला, दाव्याची लांबी नेमकी एवढी की बसता यावं पण उडी मारता येऊ नये. सोलरची चिमुकली प्लेट आणि मोबाइलचे चार्जर एका पिशवीत, ती पिशवी घरातल्या जाणत्या पोरीच्या गळ्यात. सेवालाल महाराजांचा फोटो किंवा तुळजाभवानीचा टाक म्हातारीच्या मांडीवर. तो सामानात जात नाही. सगळ्यांत वर गोधड्या, गोधड्यांवर माणसं. खुंटांना ताडपत्री ताणली की झालं छप्पर. एका ट्रॉलीत चार-पाच बिऱ्हाडं. आपल्या संसाराची हद्द कुठं संपते ते फक्त बायकांना ठाऊक असतं, आणि त्या ती पेटीच्या कडेनं नीट सांभाळतात.

थोरलीची सवय असलेल्यांना हिच्याशी जमवून घ्यायला बराच काळ गेला. पहिली अडचण बायकांची. गाडीतून हवं तिथं उतरता यायचं, आडोसा बघता यायचा. ट्रॉलीत डायवरला हाक मारावी तर टेपच्या आवाजात पोचत नाही, आणि पोचली तरी सगळ्यांसमोर काय सांगणार? म्हणून निघायच्या दिवशी दुपारपासून पाणीच प्यायचं नाही, असा रिवाज पडला. ड्रम भरलेला आणि घसा कोरडा. माझ्या मते या वाहनाबद्दल एवढी एकच गोष्ट कळली तरी पुरे आहे.

दुसरं, वारा. बैलाच्या चालीला वारा लागत नाही. कार्तिकातल्या रात्री उघड्या ट्रॉलीत तो हाडांत शिरतो. प्रवास रात्रीच, कारण मालवाहू ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही आणि दिवसा अडवणारे भेटतात. पहाटे चारला कुठल्यातरी अनोळखी रानात ट्रॉली थांबते, डायवर खाली उतरून हात झटकतो, उतरा म्हणतो. अंधारात पाय ठेवाल ते गाव.

तिसरं म्हणजे ट्रॉलीखाली कुणी झोपत नाही. झोपायचंच नसतं. थोरली बैल जुंपल्याशिवाय हलत नव्हती. धाकटी केव्हा हलेल ते डायवरच्या किल्लीवर. नव्यानं टोळीत आलेल्या म्हाताऱ्यांना जुन्या सवयीनं चाकाआड अंग टाकावंसं वाटतं, तेव्हा पोरं ओरडून उठवतात. गाडीखालची ती हक्काची जागा गेली ती गेलीच.

आणि हिशेब. टायरगाडीवाल्याला तोडणी आणि वाहतूक दोन्हींचे पैसे मिळतात, शिवाय काट्यावर तो स्वतः उभा असतो, वजन डोळ्यांनी बघतो. ट्रॉलीच्या टोळीला तोडणीपुरते. ट्रॉली काट्यावर जाते तेव्हा ऊस तोडणारी माणसं फडात नाहीतर कोपीत असतात. किती टन भरला हे मुकादम सांगेल तेव्हा कळणार. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, चांगलं झालं, पण टनच दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे असतील तर वाढ कितीची झाली हेही त्याच्याच तोंडून ऐकायचं.

अर्थात धाकटीच्या पदरात पुण्यही आहे. अख्खी भावकी एकत्र जाते, एका कोपीत बाळंतपण असलं तर शेजारच्या कोपीत आपलीच चुलती असते. वैरणीची चिंता नाही. पहाटे तीनला उठून बैलांना पाणी दाखवावं लागत नाही. तोडीला जायचं म्हणून उठावंच लागतं, तो भाग निराळा. अडीनडीला रात्री-अपरात्री ट्रॅक्टर काढून दवाखान्यात नेता येतं. वाढं आता बैलांना लागत नाही, त्याच्या पेंढ्या बांधून गावातल्या दुभत्याच्या मालकांना विकल्या की बाईच्या हातात तेल-मिठाचे पैसे येतात. तरुण पोरांना तर विचारूच नका. त्यांना बैलगाडीत बसलेलं कुणी पाहिलं तर लाज वाटते, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायला जागा मिळाली की राजा.

एका फिरत्या घरातून दुसऱ्यात जाऊन जमवून घेणं इतरांनाही करावं लागतं. जमिनीवरचं घर सोडून वर्षानुवर्षं नावेवर राहणारी आणि मग नाव विकून चाकांवरच्या घरात येणारी माणसं परदेशात असतात. त्यांनाही नव्या घरात पाणी जपून वापरायला, सामान बांधून ठेवायला, मुक्काम शोधायला नव्यानं शिकावं लागतं. पण नावही त्यांची आणि मोटारही त्यांचीच, थांबायचं कुठं हे तेच ठरवतात. आपल्याकडं महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरच्या घरात झोपायला पलंग हवा, स्वयंपाकाची सोय हवी, शौचालय हवं, असा सगळा विचार त्यात आहे. धोरण वाईट नाही. फक्त ते लिहिलं गेलं त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर हजारो ऊसतोड कुटुंबं अडकून पडली होती आणि सरकारच्या परवानगीची वाट बघत होती. राज्यात चाकांवर घर घेऊन सर्वांत जास्त फिरणारी माणसं कोण, याचं उत्तर तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांच्या चाकांवरच्या घरासाठी साधं शौचालयही कुणाच्या कागदावर आलं नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये याच रस्त्यांवर हळद शिजवायचे कुकर ट्रॅक्टरमागं धावताना दिसतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा भाव वाढला की शहरात चर्चा होते, मोंढ्यात गर्दी होते. ट्रॅक्टर तसेच, मागं जोडलेलं तेवढं वेगळं. ट्रॉली मात्र अजून फडात असते. पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की तिच्यात पुन्हा पेट्या, पोती आणि शेळ्या चढतात. पोती रिकामी झालेली असतात आणि त्यांच्या जागी एखादं नवं कपाट किंवा पंखा आलेला असतो, इतकाच फरक. पोरांची शाळा दिवाळीपासून बुडालेली असते ती भरून येत नाही.

आता हार्वेस्टर आलंय, त्याला सरकारी अनुदानही आहे. ते आलं की धाकटीला थोरलीची जागा मिळेल, आणि कोयत्यांना कोणती मिळेल ते अजून कुणी बोलत नाही. तोवर निदान एवढं व्हावं. लांब पल्ल्याच्या टोळ्यांना आणायला-पोचवायला कारखान्यांनी एसटी ठरवावी. सामान ट्रॉलीत जाऊ द्या, माणसं बसमध्ये बसू द्या.  आणि परभणी-वसमत-नांदेड रस्त्यावरून रात्री मोटार हाकणाऱ्यांना एक विनंती: पुढं ट्रॉली दिसली की हॉर्न वाजवत घुसू नका, डिपर द्या आणि अंतर ठेवा. तिच्या मागचा दिवा बहुतेक वेळा बंद असतो, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला असतो, आणि वरच्या गोधड्यांत पोरं झोपलेली असतात.