जुने ठेवा, पण त्याच्या खोलीत



बेळगावातल्या आमच्या मंडळीच्या दफनभूमीतील कबर शोधून देणारा एक छोटा प्रोग्राम माझ्या घरच्या संगणकात आहे. आता प्रभूमध्ये निजलेल्या एका वडीलधाऱ्या बांधवांनी तो पायथन २.७ मध्ये लिहिला. नोंदवहीतील क्रमांक दिला की कबर कोणत्या ओळीत आहे ते तो सांगतो. दगडावरची अक्षरे पुसली गेली असतील, तर कुटुंबाला तेवढाच आधार.

पण पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. उपासनेची गीते पडद्यावर दाखवणारा तरुणांचा प्रोग्राम पायथन ३ वर चालतो. "जुने काढून टाका, काका," असे मुले म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे.

जुना प्रोग्राम पायथन ३ वर आधी अडतो तो प्रिंट या शब्दापाशी. त्याला आता कंस लागतात. ते सोपे, कारण चूक लगेच दिसते. अवघड आहे तो भागाकार. आमच्याकडे एका ओळीत १२ कबरी. ३१ व्या कबरीची ओळ काढताना प्रोग्राम ३० ला १२ ने भागतो आणि १ मिळवतो. पायथन २ उरलेला भाग सोडून देऊन ३ सांगतो. पायथन ३ काही तक्रार न करता साडेतीन सांगतो!

म्हणून दोघांना वेगळ्या खोल्या दिल्या. लिनक्सवर पायएन्व्ह नावाचे साधन प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवते. कामाच्या फोल्डरमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहिलेली छोटी फाइल असते. तिथे तीच आवृत्ती चालते. संगणकाच्या स्वतःच्या पायथनला मात्र हात लावू नये, लिनक्सची कितीतरी कामे त्याच्यावर चालतात. जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तेव्हा तिला इंटरनेटचे कामही देऊ नये.

नव्या द्राक्षारसाचा दाखला आपण बहुधा नवेपणासाठी सांगतो. पण मत्तयाच्या ९ व्या अध्यायात द्राक्षारस आणि बुधले दोन्ही राखले जावेत, ही काळजीही आहे.

भागाकाराला दोन तिरप्या रेघा दिल्या की पायथन ३ सुद्धा पूर्ण आकडा देतो. आता आम्ही नोंदवहीतील एकेक क्रमांक दोन्हींत तपासत आहोत. सगळी उत्तरे जुळली की जुन्याला आनंदाने निरोप देऊ. तोवर तो राहील. कोणाची आई तिसऱ्या ओळीत निजली आहे, हे केवळ आवृत्ती बदलली म्हणून हरवू नये.