आतली कडी

माझ्या हत्यारांच्या पिशवीत रंधा, पटाशी, स्क्रूड्रायव्हर यांच्या जोडीला एक्स-रेची जुनी फिल्म असते. सावेडीतून नाहीतर केडगावातून फोन येतो, ‘मिस्त्री, आजी बाथरूममध्ये अडकल्यात, लवकर या,’ तेव्हा पहिली तीच बाहेर निघते. चौकट आणि दार यांच्या फटीतून ती वाकवून आत सारायची, लॅचच्या जिभेची तिरकी बाजू चाचपायची आणि दार हलकेच पुढेमागे करत राहायचं. जीभ मागे सरकली की दार सुटतं. फिल्म घरी विसरली तरी अडत नाही. म्हातारं माणूस आहे त्या घरात गुडघ्याचा एक्स-रे कपाटावर असतोच.

लॅच एका दिवसात बिघडत नाही. हँडलमधली चौकोनी सळई ज्या भोकात बसते, ते स्वस्त मालात कच्च्या ओतीव धातूचं असतं. कोपरे झिजून ते गोल झालं की हँडल नुसतंच फिरतं, जीभ हलत नाही. त्यात आमच्याकडची काळी माती. नगर, नेवासा, शेवगाव या पट्ट्यात ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत हलते, चौकट तिरकी होते आणि जीभ एकीकडे, तिचं भोक दुसरीकडे अशी गत होते. तरणा माणूस दार गुडघ्याने उचलून, खांदा देऊन उघडतो. संधिवाताच्या बोटांना ते कुठून जमणार? ‘दार जरा वर उचलायचं, मग उघडतं,’ असं मला कौतुकाने सांगतात, त्या घरात मी लॅचकडे नंतर बघतो. आधी वरची बिजागरी. तिचे स्क्रू सैल झालेले असतात. भोकात फेव्हिकॉल लावून लाकडाची काडी ठोकली आणि लांब स्क्रू पिळला, की बऱ्याचदा दार निमूटपणे जागेवर येतं.

फिल्म चालते ती लॅचला. आतून बोल्ट सरकवलेला असेल तर तिचा काही उपयोग नाही. मग व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्या काढून आत काठी घाला, नाहीतर दार फोडा. आपल्याकडे बहुतेक बाथरूमची दारं आत उघडतात आणि आत जागा जेमतेम. आजी दाराला टेकूनच पडल्या असतील तर कडी निघूनही दार सरकत नाही. त्यात गॅस गिझर आतच बसवला असेल आणि झरोका थंडीमुळे बंद केला असेल, तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस आवाजही न देता कोसळतो. तेव्हा दार उघडायला लागलेलं एकेक मिनिट महागात पडतं.

बाहेरगावचं गिऱ्हाईक चेष्टा करतं, ‘नगरचे सुतार ना तुम्ही? तुमच्या शिंगणापुरात दारंच नसतात म्हणे.’ नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात शनिदेव चोरी होऊ देत नाहीत अशी श्रद्धा आहे. परंपरेने तिथल्या घरांना नुसत्या चौकटी. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली तीही कुलपाविना. पुढे २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं, ते असो. पण ती श्रद्धा चोराबाबतची आहे. चौकटीला तिथेही पडदा लागतोच, कारण आडोसा कुणाला नको असतो? बाथरूमची आतली कडी चोरासाठी नसतेच. ती लाजेसाठी असते. म्हणून ‘आजी, कडी लावूच नका,’ असं सांगणाऱ्या मुलांचं मला पटत नाही. आयुष्यभर पदर सावरलेली बाई सत्तरीत दार लोटून अंघोळीला बसणार नाही. तुमच्यासमोर हो म्हणेल आणि तुमची पाठ वळली की बोल्ट सरकवेल.

तेव्हा कडी ठेवायची, पण बाहेरून उघडेल अशी. बाजारात असे लॅच मिळतात. आतून बटण फिरवायचं आणि बाहेरच्या बाजूला नाणं बसेल एवढी खाच. गोल मुठीचं कुलूप असेल तर बाहेर बारीक छिद्र असतं, त्यात खिळा दाबला की सुटतं. डोक्याच्या वरचा बोल्ट मी काढूनच टाकतो, कारण टाचा उंचावून हात वर करताना तोल जातो. बजेट नसेल आणि दार आत उघडणारं असेल, तर खालचा बोल्ट ठेवतो, पण त्याच्या कोयंड्याला मुद्दाम अर्ध्या इंचाचे स्क्रू. खांद्याचा एक दणका बसला की निघाले पाहिजेत. आमच्या धंद्यात मजबुतीचे पैसे मिळतात. कच्चं काम ठरवून करायचं आणि वर ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं, ही जरा अवघड गोष्ट आहे. जागा असेल तर दार बाहेर उघडणारं करून घ्या, असा आग्रह धरतो. चौकटीची खाच बदलावी लागते, दोन पैसे जास्त लागतात.

शेवटी शेजार. मुलगा हिंजवडीत. वेळ आली तर तो फोन करणार शेजारच्या काकूंनाच. म्हणून काम झालं की काकूंना बोलावतो. आजी आतून कडी लावतात, काकू बाहेरून रुपयाने उघडतात. परवा भिस्तबागेजवळच्या एका आजींनी दारातच विचारलं, ‘आणि हिने उगाच गंमत म्हणून उघडलं तर?’ काकूंना हसू आवरेना. मी बिल लिहायला घेतलं.