'शिबाफु'मधला 'फु'

चिनी लिपीतून जपानीत आलेल्या चिन्हांना कांजी म्हणतात, आणि त्यांपैकी जगणे, जन्मणे, उगवणे व कच्चे असणे एवढे अर्थ वाहणारे, जमिनीतून वर आलेल्या कोंबाच्या चित्रापासून घडलेले पाच रेघांचे एक चिन्ह जपानी मुले पहिल्याच इयत्तेत गिरवतात. परक्या प्रौढाची मात्र तेथेच दमछाक होते, कारण २०१० सालच्या २१३६ नित्योपयोगी कांजींच्या सरकारी तक्त्यात या चिन्हाचे दोन 'ओन', म्हणजे चिनीवरून आलेले, आणि दहा 'कुन', म्हणजे अस्सल जपानी, असे बारा उच्चार दिलेले आहेत. 'सेन्सेइ' म्हणजे गुरुजी, त्यात ते 'सेइ' होते. 'इश्शो' म्हणजे उभे आयुष्य, त्यात 'शो'. 'इकेबाना' या पुष्परचनेत नुसते 'इ'. कच्च्या मासळीपुढे 'नामा', तर कच्च्या रेशमाच्या 'कीइतो'त 'की'.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी घरात वाढलेल्याला याचे नवल वाटू नये; '२' हा आकडा तेथे घरात 'दोन', हिंदी दुकानदाराकडे 'दो' आणि छत्तीसगढी भाजीवालीच्या तोंडी 'दू' असतो, आणि कोणीही अडखळत नाही.

त्यामुळे प्रस्तुत लेखकाचा राग उच्चारांच्या संख्येवर कधीच नव्हता. राग आहे तो एका चाचणीवर, जिच्यात या चिन्हाचे सर्व उच्चार विचारले होते, तक्त्यातले बाराच्या बारा लिहून दिले होते, आणि तरीही 'शिबाफु' म्हणजे हिरवळ या शब्दातला 'फु' राहिला म्हणून गुण कापला गेला. तो 'फु' तक्त्यात या चिन्हाखाली नाहीच. 'शिबाफु' हा अख्खा शब्द पुरवणीत, अपवादात्मक वाचनांच्या यादीत येतो. हे दाखवून दिल्यावर 'पाठ करा' एवढेच उत्तर मिळाले, आणि वर्ग पुढच्या चिन्हाकडे वळला.

पुढे वाचनात आले की वनस्पती जेथे दाट उगवतात अशा जागेसाठी जुन्या जपानीत 'फु' हा स्वतंत्र शब्द होता, म्हणजे तो उच्चार उपरा नव्हता. भाषेच्या बाजूने पाहिले तर गुण कापणाऱ्याचेच खरे ठरते, आणि तक्त्याला प्रमाण मानण्याचा हट्ट थोडा पोरकटही वाटतो. नव्याने शिकणाऱ्यांनी म्हणूनच उच्चारांच्या याद्या घोकू नयेत, अख्खे शब्द वापरासकट शिकावेत. मात्र प्रश्न तक्त्यावरचा असेल, तर उत्तरही तक्त्यावरूनच तपासले पाहिजे, आणि त्या हिशेबाने तो गुण मिळायलाच हवा होता.