बिनतारी इअरबड आणि आमचे कान

शेवटच्या बांकावरील कुजबुज फळ्यापाशीं उभें राहून ऐकूं येते, अशी आमच्या कानांची कीर्ति वर्गांत पुष्कळ वर्षें चालत आली आहे. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या भाच्यानें बिनतारी इअरबडांच्या दोन जोड्या आमच्यापुढें ठेवून, "मामा, यांतली चांगल्या आवाजाची कोणती, तें तुम्हीच सांगा," अशी विनंति केली, तेव्हां आम्हांस मनांतून गुदगुल्या झाल्या. दोन्ही जोड्या मित्रांच्या, चार दिवसांच्या बोलीनें आणलेल्या. एकीची किंमत १,५०० रुपये व दुसरीची १२,०००. भाचा नुकताच चाकरीस लागला असून रोज वसई रोडहून चर्चगेटला जातो. दुसरी जोडी म्हणजे त्याचें निम्मेंशिम्में वेतन. अर्थात् चूक करण्यास आम्हांस मोकळीक नव्हती.

गोंगाट शमविण्याचा ज्या वस्तूस अभिमान, तिला गोंगाटांतच नेलें पाहिजे, म्हणून पहिली परीक्षा आम्हीं विरार लोकलमध्यें घेतली. नायगांव मागें पडलें आणि गाडी खाडीच्या पुलावर आली. पाणजू बेटाच्या दोहों बाजूंच्या या पुलांवर चाकांचा आवाज कसा पोकळ व घुमणारा होतो, तें आमच्याकडील प्रत्येकास ठाऊक आहे. डोळे मिटून बसलेला उतारूहि त्या आवाजावरून भाईंदर आलें म्हणून सावरून बसतो. स्वस्त जोडीनें तो घुमारा थोडा दबला. महागडीनें तो असा गिळला कीं, पूल खरोखरच खालीं आहे ना, हें आम्हीं खिडकींतून पाहून घेतलें. पलीकडच्या भजनी मंडळीचे टाळ मात्र दोन्ही जोड्यांतून खणखणत येत होते.

याचें कारण समजण्यासारखें आहे. इअरबडाच्या अंगांतील बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज ऐकतो व यंत्र त्याची उलटी लहर निर्माण करितें. चढावर उतार बसला म्हणजे दोन्ही मिटतात. सेकंदास १०० कंपनांची घरघर असेल, तर तिची एक लहर सुमारें साडेतीन मीटर लांब; ती पकडण्यास यंत्राला सवड मिळते. ३,००० कंपनांच्या खणखणाटाची लहर जेमतेम ११ सेंटिमीटर. नेम जरासा हुकला कीं मिटणें दूरच राहिलें. तेथें कानांत घट्ट बसणारें सिलिकोनचें बोंडच काय तें उपयोगी. ही कल्पना आजची नव्हे. पाउल ल्यूग या जर्मन गृहस्थास तिचें अमेरिकन पेटंट १९३६ सालीं मिळालें होतें. पुढें बंगाली पित्याचे पुत्र अमर बोस यांनीं १९७८ मध्यें झुरिकहून बोस्टनला विमानानें जातांना, घरघरीमुळें संगीत नीट ऐकूं येईना म्हणून, बसल्या जागीं गणित मांडावयास घेतलें. आणि १९८९ मध्यें त्यांच्या कंपनीचें वैमानिकांसाठीं केलेलें यंत्र बाजारांत आलें.

परततांना आमची गाडी दुसऱ्या फलाटावर येत असल्याची घोषणा आम्हांस ऐकूं आली नाहीं, व ती आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. फलाटावर व रूळांजवळ हीं यंत्रें कानांतून काढून खिशांत ठेवावींत, हें आम्हीं भाच्याला तेथेंच बजावलें.

परंतु नीरवता उत्तम मिळाली म्हणून आवाजहि उत्तम असतोच, असें नाहीं. घरीं रात्रीं शांत वेळीं आम्हीं भीमसेन जोशी यांचें एकच गायन दोन्ही जोड्यांतून ऐकलें, आणि दहा मिनिटांत स्वस्त जोडीच्या बाजूनें निकाल दिला. काय तो डग्गा घुमत होता! भाचाहि खूष झाला. १०,५०० रुपये वांचले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या ध्यानांत आलें कीं, मोबाईलवरील खूण एकच असली तरी स्वस्त जोडी मुळांतच मोठ्यानें वाजत होती. आणि जें किंचित् मोठें, तें कानाला गोड वाटतें. दोहोंचा आवाज जुळवून पुन्हां ऐकलें, तों तीच गायकी गोधडीखालून आल्यासारखी वाटूं लागली. आवाज लहान असला म्हणजे माणसाच्या कानास खर्ज कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ मध्येंच मोजून दाखविलें आहे. तेव्हां खर्ज फुगवून ठेवला कीं पहिल्या ऐकण्यांत गिऱ्हाईक भुललेंच. शिवाय महागड्या जोडीचें बोंड आमच्या डाव्या कानांत सैल बसलें होतें व त्या फटींतून सारा खर्ज निसटत होता. दोष बोंडाचा, आणि आम्हीं शिव्या यंत्रास दिल्या. कोडेक नांवाच्या प्रकाराविषयींहि भाचा पुष्कळ बोलला: एलडीएसीला सेकंदास ९९० किलोबिटांपर्यंत वाट मिळते, एसबीसीला सुमारें ३२८. तो भेद लोकलमध्यें ओळखणारा कान आम्हांस लाभलेला नाहीं.

कानाची गोष्ट निघालीच, म्हणून भाच्यानें मोबाईलवर नुसते सूर वाजविले. सेकंदास ८,००० कंपनें: ऐकूं आलीं. १०,०००: अंधुक. १५,००० कंपनांस तो तोंड वांकडें करून "केवढें कर्कश!" म्हणाला, आणि आमच्या कानांत संपूर्ण शांतता होती. वयाप्रमाणें वरचे सूर सर्वांचेच जातात, हें आम्हीं विद्यार्थ्यांस शिकविलेलें आहे. तरी आम्हीं तो सूर तीन वेळां वाजवून घेतला.

आतां उरली होती ती कॅसेट. आमच्या भगिनीच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, विवाहाच्या आदल्या रात्रीं, १९९८ सालीं, मांडवांत आमच्या मातोश्रींनीं म्हटलेलीं लग्नगीतें आम्हीं तींत घेतलीं होतीं. मातोश्री २००६ सालीं निवर्तल्या. भाच्याला त्यांचा आवाज आठवत नाहीं. गीतें त्यानें मोबाईलमध्यें उतरविलीं होतीं. त्यांच्यामागें वाडींतल्या विहिरीवरील पंपाची घरघर आहे. महागड्या यंत्रानें ती नाहींशी होऊन आजीचा स्वर निर्मळ ऐकूं येईल, ही त्याची खरी आशा होती. ती फोल ठरली. यंत्र बाहेरची घरघर मिटवितें. गाण्याबरोबर फितींत शिरलेली घरघर त्याच्या लेखीं गाण्याचाच भाग.

तरी आम्ही ऐकत राहिलों. स्वस्त जोडींत पंप फुगून पुढें येई व मातोश्री कोठें तरी पडवीपलीकडे जात. महागडींत पंप आपल्या जागीं, दूर विहिरीवर, राही. आणि प्रत्येक ओळीच्या आरंभीं त्यांच्या गळ्यांत येणारी किंचित् खरखर, जी आम्ही विसरून गेलों होतों, ती जशीच्या तशी कानाशीं आली. येथें १५,००० कंपनांची गरज नव्हती. कोणती जोडी घ्यावी, हा प्रश्न नंतर निघाला नाहीं.

तिसरें गीत संपल्यावर कॅसेट बंद होण्यापूर्वीं कांहीं पुटपुटणें आहे. तें आम्ही इतकीं वर्षें मांडवांतला गलका समजत होतों. त्या रात्रीं शब्द लागले. मातोश्री आपल्या सामवेदी बोलींत कोणास तरी विचारीत आहेत कीं, हा मुलगा जेवला आहे कां, कीं संध्याकाळपासून त्या यंत्रालाच धरून बसला आहे.

भाच्यानें एक इअरबड आपल्या कानांत ठेवून दुसरा आम्हांस दिला, व तेवढाच तुकडा पुन्हां लावला. मग त्यानें विचारलें, "मामा, जेवला होतांत कां?"

आम्हांस आठवेना.