मधला बांध

वाटणीसाठी शेत मोजायचं होतं. पुतण्या मोबाईल घेऊन नुसता बांधावरून फिरला आणि क्षेत्रफळ सांगून मोकळा!

"आत पाऊल न टाकता?"

"ग्रीनचं प्रमेय, काका. कडेच्या बेरजेत आतली बेरीज मिळते."

हा जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमजवळचा गिरणीवाला, शाळेत जेमतेम वर्षभर गेलेला. १८२८ साली त्याने निबंध छापला. (आम्ही बी.ए.वाले मुकाट ऐकलं.)

पुतण्याने मातीत रेघा ओढल्या. आपापला तुकडा डाव्या हाताला ठेवून दादाने फेरी घालायची, मीही घालायची. मधल्या बांधावर आम्ही उलटसुलट चालतो, म्हणून बेरजेत तो खोडला जातो. उरते बाहेरची कड. कितीही तुकडे करा, तेच.

दादा ऐकत होता. सहा वर्षं आमचा अबोला.

"मग घालायचाच कशाला तो बांध?" म्हणाला.

मोजणीचा अर्ज अजून माझ्या पिशवीतच आहे.